तेहतीस पानांचं पत्र

एका बापानं लिहिलेल्या पत्रापासून सुरुवात करतो. साल १९३८. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात एका वकिलानं आपल्या पाच वर्षांच्या मुलाची हकीगत डॉक्टरांसाठी लिहायला घेतली. ती तेहतीस पानं झाली. मुलगा डोनल्ड ट्रिपलेट. हाक मारली तर वळून पाहत नसे. हाती लागेल ती वस्तू गरगर फिरवत बसे आणि कुणी अडवलं की आकांत करी. 'मला' म्हणायचं तिथं 'तुला' म्हणे. गाण्यांच्या चाली मात्र पक्क्या ध्यानात.

पत्र पोचलं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे. त्यांनी १९४३ साली अकरा मुलांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यातला पहिला मुलगा डोनल्ड. तिथून 'ऑटिझम' जगाला माहीत झाला. खरं तर सोव्हिएत रशियातल्या डॉ. सुखारेवा या बाईंनी १९२५ मध्येच अशा सहा मुलांचं बारकाईनं वर्णन केलं होतं. ते फारसं कुणी वाचलं नाही.

'ऑटिझम' हा शब्द मूळचा ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाचा, १९११ चा. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. मी कविता लिहिणारा माणूस. आम्हा कवींना कुणी स्वमग्न म्हटलं तर आम्ही खूश होतो. पण हा शब्द या मुलांना लावताना अडखळायला होतं. जणू मूल हट्टानं आत जाऊन कडी लावून बसलंय!

आणि ती कडी लावायला आईनंच भाग पाडलं, असं विद्वान खरोखरच म्हणू लागले. आईबापांच्या थंडपणाची भाषा कॅनर यांच्याही लिखाणात आली. १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांनी तर त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्रजीत 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रुळला. ज्या बाईनं रात्र रात्र मुलाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या, तिला म्हणायचं, तुझ्यात माया नाही. याहून क्रूर निदान मला ठाऊक नाही.

हे निदान खोडलं तेही पालकांनीच. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये मूळ कारण शरीरात, मेंदूत असल्याचं मांडलं. १९७७ मध्ये जुळ्यांच्या अभ्यासानं आनुवंशिकतेचा पुरावा पुढे आणला. लंडनच्या डॉ. लोर्ना विंग, याही अशाच एका मुलीची आई, यांनी दाखवलं की या अवस्थेच्या छटा अनेक असतात. १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईबापांना दोषमुक्त केलं. बरं केलं, पण तोवर कितीतरी आया ते ओझं वाहून थकल्या होत्या.

आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा उल्लेख आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंही त्याला स्थान दिलं. पण कायद्याच्या आधी गाठ पडते ती गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरशी. आई सांगते, बाळ बोट दाखवून काही दाखवत नाही, नावानं हाक मारली तर बघत नाही. उत्तर मिळतं, "मुलगे उशिराच बोलतात, थांबा जरा." आजी म्हणते, बापही उशिराच बोलला. दोन वर्षं अशीच जातात. वास्तविक अशा साध्या प्रश्नांची यादी पालकांपुढे ठेवून दीड-दोन वर्षांच्या मुलाची प्राथमिक चाचणी करता येते. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. ऐकायला दहा मिनिटं लागतात.

ही मुलं मोठीही होतात, त्यांनाही ताप येतो, दाढ दुखते. दवाखान्यातली गर्दी, फडफडणारी ट्यूबलाइट, कंपाउंडरनं ओरडून पुकारलेला नंबर काहींना सोसत नाही. काहींना दुखणं शब्दांत सांगता येत नाही; ते चिडतात, डोकं आपटतात, आणि आपण म्हणतो, याचा स्वभावच असा. अशा पेशंटला गर्दी नसतानाची वेळ द्यावी. हात लावण्याआधी काय करणार ते सांगावं. प्रश्न सोबतच्या माणसाला नव्हे, आधी त्याला विचारावा आणि उत्तराला वेळ द्यावा.

डोनल्डचं पुढे काय झालं? १९४२ मध्ये त्याला जवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. त्याला मोजण्याचा नाद, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणून तिची खोली सांगायला लावलं. मक्यात नांगर धरून तो ओळी मोजत राही; त्यांनी मोजू दिलं. पुढे तो पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्यानं देशोदेशी हिंडला. २०२३ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला, त्याच फॉरेस्ट गावात.