संगिनीवरील अक्षरे : जुन्या शस्त्रांची ओळख आणि पाठचिकित्सा

हस्तलिखित समोर आले की त्याचा काळ, लेखनिक, पाठभेद आणि प्रक्षेप यांचा विचार साहित्याचा अभ्यासक सवयीने करतो. जुने शस्त्र मात्र त्याला संग्रहालयातील शोभेची वस्तू वाटते. वस्तुतः गेल्या तीन शतकांतील लष्करी शस्त्र हे बहुधा लिहिलेले शस्त्र असते. त्यावर अक्षरे, आकडे, मुद्रा आणि दुरुस्तीच्या खुणा असतात व त्या वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळी उमटवलेल्या असतात. शस्त्रांची ओळख पटविण्याची विद्या आणि पाठचिकित्सा यांचे नाते किती निकटचे आहे, हे काही उदाहरणांच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रारंभ शब्दांपासून करणे उचित ठरेल. ‘संगीन’ हा शब्द फारसीतील ‘संग’ म्हणजे दगड यापासून आला; जड, कठीण, गंभीर हे त्याचे अर्थ मराठीत आजही नांदतात. ‘फिरंग’ या नावात तलवारीच्या पात्याचे युरोपीय मूळ नोंदलेले आहे. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग योजलेला आहे, तो राज्यकारभारात शस्त्रांच्या नामकरणाला महत्त्व होते म्हणूनच. मात्र नाव ही ओळखीची पहिलीच पायरी होय. पुढचे वाचन धातूवर करावे लागते.

ब्रिटिश साम्राज्यात सर्वत्र पसरलेली १९०७ च्या नमुन्याची संगीन पाहू. तिचे पाते १७ इंचांचे. मुठीलगतच्या सपाट भागावर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, ‘१९०७’ हा आकडा आणि त्याखाली आणखी काही अंक आढळतात. नवखा संग्राहक ‘१९०७’ हे निर्मितीचे वर्ष समजतो. प्रत्यक्षात ते नमुन्याचे वर्ष आहे. निर्मितीचा महिना आणि साल खालच्या लहान अंकांत असते. ‘५ १७’ याचा अर्थ मे १९१७. ग्रंथाच्या मूळ रचनेचा काळ आणि हाती असलेल्या प्रतीचा काळ यांत जो फरक आपण करतो, तोच हा फरक आहे. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात घडलेल्या संगिनींवर राजाच्या आद्याक्षरांत सम्राटपदाचे अक्षरही जोडलेले दिसते.

आरंभी या संगिनीच्या आडव्या दांडीला खालच्या बाजूस आकडा होता. १९१३ मध्ये तो वगळण्यात आला आणि आधीच्या कित्येक संगिनींवरचे आकडेही कापले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात अनेक पाती कापून सुमारे १२ इंचांची करण्यात आली. अशा एका वस्तूत दोन काळ एकत्र नांदतात. आखूड पाते ही नासधूस नसून अधिकृत ‘संस्करण’ आहे. याउलट, आकडा शाबूत असलेली संगीन दुर्मीळ व महाग असल्याने बाजारात नंतर जोडलेले बनावट आकडेही येतात. त्यांना प्रक्षेपच म्हणावे लागेल.

देवनागरी जाणणाऱ्या अभ्यासकाला अधिक जवळचे उदाहरण काठमांडूचे आहे. तेथील लगन सिलेखान्यात साठवलेला जुन्या शस्त्रांचा प्रचंड संचय २००३ साली परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि तो नेपाळबाहेर गेला. ‘सिलेखाना’ हा आपल्या दप्तरांतील ‘शिलेखाना’च होय. या संचयात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांपासून राणा राजवटीत नेपाळमध्येच घडवलेल्या रायफलींपर्यंत अनेक प्रकार होते आणि कित्येकांवर देवनागरी अक्षरे व अंक कोरलेले होते. तेथील कालगणना विक्रम संवताची. एखाद्या शस्त्रावर ‘१९४५’ कोरलेले असले तर ते महायुद्धाच्या अखेरीचे नसून सुमारे १८८८ चे ठरते. लिपी वाचता येणे आणि लेख समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

लेख खरा असूनही त्याचा अर्थ चुकू शकतो. बीकानेरच्या शस्त्रागारातील अनेक कट्यारी व तलवारी दख्खनी घडणीच्या आहेत. १६८९ मध्ये अदोणी घेतल्यावर महाराजा अनूपसिंहाने त्या तेथून नेल्या. त्यांवर कोरलेले अदोणीचे नाव आणि संवत ही लुटीची नोंद आहे, निर्मितीची नव्हे. तो लेख प्रमाण मानून शस्त्राचे साल ठरविणे म्हणजे ग्रंथालयाचा शिक्का पाहून ग्रंथाचा काळ ठरविण्यासारखे आहे.

येथे संग्रहाच्या नीतीचा प्रश्न उपस्थित होतो. तंजावरच्या भोसले घराण्याचे राज्य कंपनीने १८५५ नंतर खालसा केल्यावर तेथील शस्त्रागार मोडले गेले. काही निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात पोहोचली, बाकीच्यांची गणना मोडीत झाली. शस्त्र उरले तरी कोणते शस्त्र कोणत्या शस्त्राशेजारी होते, ही माहिती गेली. काठमांडूच्या संचयाचे भवितव्य याहून फार वेगळे नाही. पोथीची पाने सुटी करून विकल्यावर प्रत्येक पान शाबूत राहते, पण पोथी उरत नाही.

घरगुती संग्राहकाचा दोष वेगळा असतो. पूर्वजांची संगीन चकचकीत करण्याच्या हौसेने तो पॉलिश कागदाने पाते घासतो आणि पलटणीचा क्रमांक, तपासनिसाची मुद्रा कायमची पुसून टाकतो. ज्या घरात सैनिकाचे एकही पत्र उरलेले नाही, तेथे तो क्रमांक हाच त्याच्या सेवेचा एकमेव लेख असू शकतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तूंत मोडतात. पहिल्या महायुद्धातील संगिनींनी ही मर्यादा आता ओलांडली आहे. शासकीय नोंदींची वाट न पाहता अभ्यासकांनी खुणांची छायाचित्रे, ठसे आणि मोजमापे घेऊन ठेवणे आवश्यक आहे, आणि हे गंज न घासता करावे.

शस्त्राचे वाचन म्हणजे हिंसेचे गौरवीकरण नव्हे. कारखानदार, तपासनीस, पलटण, लुटणारा, दुरुस्त करणारा आणि विकणारा या सर्वांचे हात एका पात्यावर दिसतात. केवळ ते ज्याच्या हाती होते त्या शिपायाचे नाव बहुधा नसते. ही रिकामी जागा ओळखणे, हेच या वाचनाचे खरे फलित होय.