घरगुती साबणाचे नैसर्गिक रंग
आमटीचा पिवळा डाग पडलेल्या कापडाला साबण लावला की तो डाग लालसर होतो, हा अनुभव घरोघरचा. हळदीतील कुरक्युमिन हे द्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात तांबूस होते. हळदीत चुना मिसळून कुंकू तयार करण्याची जुनी रीतही याच गुणावर आधारलेली आहे. हाताने साबण बनवू पाहणाऱ्यांना रंगाचा पहिला धडा येथेच मिळतो. वाटीत दिसणारा रंग वडीत तसाच उतरेल, याची खात्री नसते.

खोबरेल, एरंडेल यांसारख्या तेलांत कॉस्टिक सोड्याचे द्रावण मिसळून थंड पद्धतीने हा साबण करतात. मिश्रण प्रारंभी तीव्र अल्कधर्मी असते आणि चार ते सहा आठवडे मुरल्यानंतरही वडीचा सामू साधारणतः ९ ते १० राहतो. फुलाफळांच्या बहुतेक रंगांना हे मानवत नाही. जास्वंदीचा लाल रंग हिरवट होऊन अखेर मातकट तपकिरी होतो. बीटाचा गुलाबी रंग तर टिकतच नाही आणि हौसेने लावलेल्या गुलाबपाकळ्या काळवंडतात. कडुनिंबाच्या पानांची पूड काही आठवडे हिरवी दिसते, नंतर खाकी होते. कॅलेंड्युलाच्या पाकळ्या मात्र आपला पिवळा-केशरी रंग राखतात.

खरी गंमत रतनजोतीची. हिची मुळे तेलात मुरविली असता तेल गडद लाल होते. त्यात सोड्याचे द्रावण पडताच तोच रंग जांभळा-निळा होतो. शेंद्रीच्या बियांचा रंगही तेलातच उतरतो व पिवळा ते नारिंगी छटा देतो. मंजिष्ठेने गुलाबी झाक येते. निळ्या रंगासाठी नीळ वापरावी, पण ती वनस्पतीपासून काढलेली. कपड्यांना घालण्याची बाजारी नीळ नव्हे. मुलतानी माती आणि कोळशाची बारीक पूड यांवर सोड्याचा परिणाम होत नाही, म्हणून नवख्यांनी तेथून आरंभ करणे श्रेयस्कर.

अर्धा किलो तेलास एक लहान चमचा पूड पुरते. ती आधी थोड्या तेलात कालवून घ्यावी, अन्यथा वडीत ठिपके राहतात. प्रमाण वाढल्यास फेस रंगीत येतो आणि टॉवेलवर डाग पडतात.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हा समज मात्र घातक आहे. पारंपरिक शेंदूर शिशाचा आणि हिंगूळ पाऱ्याचा. शेंद्री व शेंदूर यांत नावापुरतेच साम्य असल्याने खरेदी करताना विशेष काळजी घ्यावी. खाणीतून आलेल्या रंगीत मातीतही जड धातू असू शकतात. त्यामुळेच सौंदर्यप्रसाधनांतील लोह ऑक्साइड कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार करतात, आणि या बाबतीत निसर्गापेक्षा कारखाना अधिक विश्वासार्ह ठरतो. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार रंगासाठी शिसे वा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास मनाई आहे. साबण विकायचा असल्यास परवानाही घ्यावा लागतो.

द्रावण करताना नेहमी पाण्यात सोडा घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये. हातमोजे व चष्मा हवाच. तयार वड्या मोकळ्या हवेत, पण उन्हापासून दूर ठेवाव्यात. हळदीचा रंग उजेडात सर्वांत आधी उडतो.