मित्रासोबत अलिबागला जाताय? तारीख ठरवण्याआधी तिथी का पाहायची?

शुक्रवारी संध्याकाळी एक मेसेज येतो, "उद्या अलिबाग?" समोरून "चल" असं उत्तर येतं आणि पुढच्या अर्ध्या तासात सगळं ठरतं. बोटीची वेळ, रूमचं भाडं, सुरमईची थाळी कुठे चांगली मिळते, रील कुठे शूट करायचं, सगळं शोधून होतं. एकच गोष्ट बहुतेक जण शोधत नाहीत. ती म्हणजे आपण किनाऱ्यावर पोहोचू तेव्हा समुद्र कुठे असेल.

अलिबागमध्ये हा प्रश्न साधा नाही. इथला किनारा उथळ आणि सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. त्याच जागी सहा तासांनी होडी लागते. दोन दिवसांच्या सहलीत किल्ला होणार की नाही, पाण्यात कधी उतरायचं आणि गाडी कुठे उभी करायची नाही, हे सगळं भरती-ओहोटीवर ठरतं.

भरती रोज वेगळ्या वेळी का येते?

भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकतो, म्हणून तोच किनारा पुन्हा चंद्रासमोर यायला २४ तासांपेक्षा सुमारे ५० मिनिटं जास्त लागतात. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. म्हणजे आज दुपारी ३ वाजता भरती असेल, तर उद्या ती चारच्या जवळ जाईल.

पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात. तेव्हा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही जातं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास सूर्याची आणि चंद्राची ओढ एकमेकांना काटकोनात असते, त्यामुळे चढउतार कमी होतो. त्याला भांग म्हणतात. मुंबई-अलिबाग पट्ट्यात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत ४ मीटरहून जास्त फरक पडतो. भांगाच्या दिवसांत तो दीड मीटरच्या आसपास येतो.

तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. त्यासाठी नेट लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे ३ आणि दुपारी ३ च्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, सकाळी ९ आणि रात्री ९ च्या सुमारास. अष्टमीला भरती ६ वाजता आणि ओहोटी १२ वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. प्रतिपदेपासून पुन्हा १ ने सुरुवात करायची.

यात जादू काही नाही. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते आणि तिथी रोज एकाने वाढते, इतकाच संबंध. 'थोडी जास्त' हा भाग रीतीत धरलेला नाही, म्हणून उत्तर अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतं. पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराकडे झुकलेली असते. शिवाय हे गणित आपल्या या किनाऱ्याचं आहे. ते पुरी किंवा चेन्नईला लावू नका.

म्हणून तारीख ठरवायला पाऊणपट वापरा आणि पाण्यात पाय टाकायला भरती-ओहोटीचं छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रक. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था भरतीचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला किंवा होडीवाल्याला विचारलंत तरी उत्तर मिळेल, आणि ते बऱ्याचदा ॲपपेक्षा कामाचं असेल.

मग कोणता वीकेंड निवडायचा?

कुलाबा किल्ला चालत पाहायचा असेल, तर तृतीया ते पंचमी हे दिवस सोयीचे. ओहोटी सकाळी साडेआठ ते सव्वादहाच्या दरम्यान येते, ऊन चढलेलं नसतं आणि उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसल्याने पाणी चांगलं मागे जातं. त्रयोदशी-चतुर्दशीला ओहोटी दुपारी चार-पाचच्या आसपास असते. तेव्हाही जमतं, पण परतताना अंधाराची घाई होते. अष्टमी-नवमीचा वीकेंड असेल तर चालत जाण्याचा हट्ट सोडा. भांगाच्या ओहोटीला पाणी उधाणाच्या ओहोटीपेक्षा सुमारे एक मीटर वर राहतं. अशा वेळी घोडागाडी किंवा होडी मिळत असेल तरच जा.

पाणी उतरायला लागून बराच वेळ झाला की किल्ल्याकडे निघायचं, ते परत चढायला लागल्यावर नाही. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही, आणि लोक इथेच फसतात. एकूण चढाचे बारा भाग केले, तर ढोबळमानाने पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. ४ मीटर पाणी चढणार असेल, तर त्यातलं २ मीटर मधल्या दोन तासांत येतं. ओहोटीनंतर तासभर "अजून कुठे पाणी आलंय?" असं वाटत राहतं आणि किल्ल्यावरून खाली उतरेपर्यंत वाट बुडालेली असते. तसं झालंच, तर पाण्यातून धावत निघू नका. किल्ल्यातच थांबा, होडीची वाट पाहा. किल्ला कुठे जात नाही, तो साडेतीनशे वर्षांच्या आसपास तिथेच उभा आहे.

शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात त्याचं काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि चारही बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचा साठाही आहे. त्याच्या उत्तरेला सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला आहे. त्यालाही वेळ राखून ठेवा, बहुतेक जण तोफांसोबत फोटो काढूनच परततात.

ओहोटीची वेळ जमली नाही तरी दिवस फुकट जात नाही. अलिबागजवळच्या आक्षी गावातला शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये गणला जातो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून सुरू आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार होत्या, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून ते काम इकडे आणलं गेलं. किहीमला सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला होता. किहीमची झाडी आजही सकाळी लवकर उठण्यासारखी आहे.

जायचं कसं?

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोटीने तासाभरात पोहोचता येतं. तिथून अलिबाग सुमारे २० किलोमीटर, आणि बऱ्याच बोटींच्या तिकिटात ही बस धरलेली असते. गाडी किंवा बाइक न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, ती २०२० मध्ये सुरू झाली. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. रस्त्याने मुंबईहून साधारण १०० किलोमीटर, पण पेण-वडखळच्या पट्ट्यात रविवारी संध्याकाळी हा आकडा तासांत मोजावा लागतो.

गाडी नेलीत तर एक सांगणं: ती वाळूवर उतरवू नका. ओहोटीला ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट वाटते. चाक रुतलं की भरतीआधी ट्रॅक्टर मिळेल का, एवढाच प्रश्न उरतो.

दोघंच असाल तर पाण्यात कोण आणि काठावर कोण?

मोठ्या ग्रुपमध्ये कुणीतरी आपोआप काठावर थांबतं, बॅगा सांभाळतं. दोघांच्या सहलीत दोघंही पाण्यात जातात आणि ओरडायलाही मागे कुणी उरत नाही. म्हणून पाळी लावा. एक जण पाण्यात असेल तेव्हा दुसऱ्याने काठावर थांबायचं आणि फोनमध्ये नाही, पाण्याकडे बघायचं. दोघांनाही पोहता येत नसेल तर गुडघाभर पाणी ही हद्द ठेवा. दारू प्यायली असेल तर तेही नको.

समुद्र शांत दिसतो म्हणून धोका नाही, असं होत नाही. २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तो फेब्रुवारी महिना होता, पावसाळा नव्हे.

लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं. त्याला रिप करंट म्हणतात. आजूबाजूला लाटा फुटत असताना मधला एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल. पाठीवर तरंगत राहा, हात वर करा, शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर या आणि मग काठाकडे वळा.

आणि मित्र बुडत असेल तर? मागोमाग उडी मारू नका. हे वाचायला निर्दयी वाटेल, पण घाबरलेला माणूस हाताला येईल त्याला धरून वर चढू पाहतो आणि वाचवायला गेलेलाही खाली जातो. मोठ्याने ओरडा, जीवरक्षक आणि होडीवाल्यांना बोलवा, दोर, ओढणी, रिकामा पाण्याचा कॅन, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते फेका. ११२ ला फोन करा. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हाका मारतोच असं नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, मान मागे, आवाज नाही, असं दिसलं तरी समजून जा.

बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबत सीपीआर सुरू करायचा. तो ऐनवेळी सुचत नाही, निघण्याआधी दोघांनी शिकून घ्या. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

राहणं आणि खाणं

मित्र-मैत्रीण मिळून जात असाल तर लग्न न झालेल्या दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहू नये, असा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. तरीही काही लॉज नाही म्हणतात, त्यामुळे बुकिंगआधीच फोनवर विचारून घ्या. दोघांचीही ओळखपत्रं लागतील.

हिवाळ्यात गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात वालाच्या शेंगा भरून, भांबुर्ड्याचा पाला घालून ती शेकतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसतात. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि तो कच्चाच खायचा असतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत 'ताजी सुरमई' अशी पाटी दिसली, तर थाळी मागवण्याआधी ती कुठून आली हे विचारा.