काशीबाईचा खटला आणि एक उघडें दार

पुण्याच्या सेशन्स कोर्टांत काशीबाई नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर पोटच्या पोराच्या खुनाचा खटला चालला. रावसाहेब सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरीं ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनीं तिला नादीं लावलें. प्रथम तिनें दाद दिली नाहीं. अखेर ती फसली. गर्भ पाडण्याचीं औषधें घेऊनहि उपयोग झाला नाहीं, आणि मुलगा जन्मला. लोकलज्जेनें तिनें त्याला सुरीनें मारून घरामागच्या विहिरींत टाकलें. दोनच दिवसांनीं ती पकडली गेली व तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांना कसली शिक्षा झाल्याचा उल्लेख या हकीकतींत नाहीं!

खून तो खूनच. न्यायाधीशाला निराळें पाहतां आलें नसतें. विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक देणारा कायदा १८५६ सालींच झाला होता, परंतु कायद्यानें वाडे थोडेच बदलतात? लहानपणीं लग्न, कळूं लागण्यापूर्वीं वैधव्य, आणि मग जन्मभर पाळत. त्यांत पाऊल घसरलें तर दोनच वाटा, एक विहिरीची आणि दुसरी कोर्टाची. तिसरी वाट कोणी ठेविलीच नव्हती.

ती जोतीराव फुले यांनीं काढली. गोवंडे त्यांचे स्नेही. त्यांच्या साहाय्यानें १८६३ सालीं फुले यांनीं स्वतःच्या घराच्या आवारांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें, आणि ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांवर, कोपऱ्यावरील भिंतींवर छापील जाहिराती लावल्या : विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवावें, तें त्यांच्या खुशीवर. ज्या वस्तींतून फुले यांना विरोध झाला, तिच्याच लेकीबाळींसाठीं हें दार होतें. बाळंतिणींची शुश्रूषा सावित्रीबाई करीत. निवाडा देणें सोपें. न्हाऊमाखूं घालणें अवघड.

डिसेंबर १८८४ मध्यें बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देतांना फुले यांनीं काशीबाईची कथा सांगून गृहाचा हिशेब मांडला. तोंवर पस्तीस विधवा तेथें बाळंत झाल्या होत्या. पांच मुलें जगलीं, तीस गेलीं. गर्भ लपविण्यासाठीं आयांनीं घेतलेल्या विषारी औषधांमुळें तीं दगावलीं, असें ते म्हणतात. अपयश एवढ्या उघडपणें सांगणाऱ्या संस्था विरळाच. शिवाय या आंकड्यांतून हेंहि दिसतें कीं, दारापर्यंत येण्यापूर्वीं त्या स्त्रियांनीं काय काय सोसलें होतें.

असे प्रसंग तेव्हांहि थांबले नव्हते. १८८१ सालीं सुरतेंत विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला अशाच गुन्ह्याबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांनीं स्त्रीजातीवर झोड उठविली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिलें.

एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्यानें दत्तक घेतला. त्याचें नांव यशवंत. तो पुढें डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत पुण्याबाहेर त्याच्या दवाखान्यांत रोग्यांना आणतां आणतां सावित्रीबाईंना लागण झाली, आणि १० मार्च रोजीं त्या वारल्या.