जमीन एकाची, घर दुसऱ्याचे : घरविक्रीवेळचे शुल्क आणि न्याय्यता – अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

घर आणि घराखालील जमीन यांचे मालक भिन्न असणे ही महाराष्ट्राच्या इतिहासात अपवादात्मक बाब नाही. अशा घरात राहणाऱ्याची खरी अडचण बहुधा घर विकण्याच्या वेळी उभी राहते. घर त्याच्या पैशाने व श्रमाने उभे राहिलेले असते. परंतु जमीनमालकाच्या संमतीवाचून ग्राहक मिळत नाही आणि ती संमती अनेकदा मोल देऊन मिळवावी लागते. हे मोल कशाबद्दल, ते किती असावे आणि ते कोणी ठरवावे, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यात आढळणाऱ्या व त्यास लागू असलेल्या धारणापद्धतींचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

दुहेरी मालकीचे तत्त्व

जमिनीस जे कायमचे जोडले गेले ते जमिनीच्या मालकाचे, असे जुने इंग्रजी तत्त्व आहे. भारतीय न्यायालयांनी ते जसेच्या तसे स्वीकारले नाही. १८६६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, या देशातील रूढीनुसार परक्या जमिनीवर हक्काच्या समजुतीने बांधलेली इमारत आपोआप जमीनमालकाची होत नाही, असे मत नोंदविले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम १०८ मध्येही या विचाराचे प्रतिबिंब दिसते. विरुद्ध करार नसल्यास पट्टेदारास आपण उभारलेले बांधकाम काढून नेता येते आणि आपला पट्टाहक्क दुसऱ्यास देताही येतो.

तथापि ‘विरुद्ध करार नसल्यास’ ही अट महत्त्वाची आहे. करार लिहिणारा पक्ष बहुधा जमीनमालक असतो. शिवाय बांधकाम काढून नेण्याचा हक्क व्यवहारात फारसा उपयोगी नसतो. ऊसतोड मजुराची कोपी उकलून गाडीत भरता येते. दगड-मातीचे घर मोडले की त्याचे मोल उरत नाही. घर हलविता येत नाही, हीच मालकाची सौदाशक्ती होय.

छावणीतील बंगले

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याने अहमदनगरचा किल्ला जिंकला. पुढे शहरालगत भिंगारच्या बाजूस लष्करी छावणी वसली. ब्रिटिश छावण्यांमध्ये जमीन सरकारची व बंगला धारकाचा, अशी पद्धत रूढ होती. बंगाल सैन्यासाठी १८३६ मध्ये निघालेला गव्हर्नर जनरलचा आदेश क्रमांक १७९ हा तिचा प्रसिद्ध नमुना होय. त्यानुसार सरकार एक महिन्याची सूचना देऊन व इमारतीची किंमत चुकती करून जमीन परत घेऊ शकत असे. लष्करी अधिकाऱ्यांमध्ये घरांची विक्री होऊ शके. लष्कराबाहेरील व्यक्तीस विकण्यासाठी मात्र प्रमुख अधिकाऱ्याची संमती आवश्यक होती. मुंबई इलाख्यातील पुणे छावणीच्या एका दाव्यात १९११ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही जमीन परत घेण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला.

या पद्धतीत अडचण शुल्काच्या रकमेची नव्हती. ती अनिश्चिततेची होती. जमीन केव्हाही परत जाऊ शकते, हे जाणणारा ग्राहक घराची पुरी किंमत देत नाही. विक्रेत्याचे नुकसान कोणत्याही पावतीवर दिसत नसले तरी ते होतेच.

खेड्यातील घरजागा

ग्रामीण भागात या प्रश्नाचे स्वरूप अधिक तीव्र होते. कूळ, शेतमजूर वा कारागीर यांचे घर जमीनमालकाच्या जागेवर असले की शेतीतील वाद घरापर्यंत पोहोचत असे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने येथे निर्णायक हस्तक्षेप केला. कुळाने वा त्याच्या पूर्वाधिकाऱ्याने स्वखर्चाने बांधलेल्या घरातून त्यास सहजी बाहेर काढता येणार नाही, अशी तरतूद कलम १६ मध्ये झाली. मालक जागा विकू इच्छित असल्यास ती विकत घेण्याची पहिली संधी घरधारकास द्यावी व किंमत न्यायाधिकरणाने ठरवावी, असे कलम १७ ने सांगितले. पुढे समाविष्ट झालेल्या कलम १७-ब नुसार, शासनाने अधिसूचित केलेल्या तारखेपासून, जागेच्या वार्षिक भाड्याच्या वीसपट किमतीस घरधारक त्या जागेचा खरेदीदार मानला जावा, अशी व्यवस्था झाली. कलम १८ ने हे संरक्षण शेतमजूर व कारागिरांनाही दिले.

येथे विधिमंडळाने शुल्काचे नियमन न करता शुल्काचे कारणच दूर केले. जागा व घर एका हाती आल्यावर संमतीचा प्रश्न उरत नाही. मालकासही मोबदला मिळाला. मात्र तो अडवणुकीच्या क्षमतेवर न ठरता भाड्याच्या प्रमाणात ठरला.

गृहनिर्माण संस्था व औद्योगिक भूखंड

नागरी भागात जमीनमालकाची जागा संस्थांनी घेतली. सहकारी कायद्यातील ‘भाडेकरू-मालकी’ प्रकारच्या गृहनिर्माण संस्थेत जमीन संस्थेकडे राहते व घर सभासदाचे असते. घर विकताना अनेक संस्था ‘देणगी’च्या नावाखाली मनमानी रकमा घेत, अशी तक्रार होती. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने हस्तांतरण अधिमूल्यास मर्यादा घातली. महानगरपालिका क्षेत्रात ती २५,००० रुपये व ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रुपये ठरली. अहमदनगर येथे २००३ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आल्याने शहरास वरची मर्यादा लागू झाली. या मर्यादेपलीकडे देणगी वा अन्य निधीच्या नावाने रक्कम घेण्यास उपविधींनी मनाई केली आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड, नागापूर येथील वसाहतीसह, सामान्यतः ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिले जातात. तेथे कारखान्याची इमारत उद्योजकाची असली तरी भूखंडाच्या हस्तांतरणास महामंडळाची परवानगी व शुल्क लागते. भाववाढीस वसाहतीतील सार्वजनिक गुंतवणूक कारणीभूत असल्याने तिचा काही अंश मागणे समर्थनीय ठरते. शासकीय जमिनींबाबत २०१९ च्या नियमांनी वर्ग-२ व भाडेपट्ट्याच्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग-१ करण्याचा मार्ग खुला केला. कुळवहिवाट कायद्यातील विचाराचेच हे वेगळे रूप होय.

तौलनिक दृष्टिक्षेप

ब्रिटनमधील ‘मोबाईल होम’ वसाहतींचा अनुभव येथे उद्बोधक आहे. नाव फिरते असले तरी ही घरे सहसा हलत नाहीत. घर रहिवाशाचे व जागा भाड्याची असते. तेथे विक्रीच्या वेळी जागामालकास किमतीच्या कमाल दहा टक्के दलाली मिळते. परंतु ग्राहकास मान्यता नाकारून घर स्वस्तात बळकावण्याचे प्रकार घडत. २०१२ मध्ये संसदीय समितीने त्यांची गंभीर दखल घेतली व २०१३ च्या कायद्याने इंग्लंडमधील जागामालकाचा विक्री अडविण्याचा अधिकार बहुतांशी काढून घेतला. दलालीवर मर्यादा आधीपासूनच होती. तरीही अन्याय होत राहिला, कारण नकाराचा अधिकार शाबूत होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, हस्तांतरण शुल्काची न्याय्यता केवळ रकमेवर अवलंबून नसते. प्रत्यक्ष कामाचा खर्च किंवा सार्वजनिक गुंतवणुकीतून झालेली भाववाढ यांसाठी, आधी जाहीर केलेल्या दराने घेतलेले शुल्क समर्थनीय ठरते. केवळ संमतीचे मोल म्हणून घेतलेली रक्कम, ती लहान असली तरी, समर्थनीय ठरत नाही. म्हणून शुल्कमर्यादेइतकेच महत्त्व नकाराची कारणे व मुदत निश्चित करण्यास दिले पाहिजे. जेथे घरधारक दुर्बल आहे, तेथे कुळवहिवाट कायद्याने दाखविलेला मार्ग, म्हणजे वाजवी किमतीस जागाच त्याच्या नावे करणे, आजही अधिक परिणामकारक ठरेल.