डॉ. कोटणीस आणि वैद्याची तटस्थता

१८६४ च्या जिनिव्हा कराराने रणांगणावरील वैद्यकीय पथके तटस्थ मानली. सोलापुरात १९१० साली जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना मात्र हे तटस्थतेचे माप पुरे पडत नाही. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केल्यावर सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले व १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. हाती राज्यसत्ता नसलेल्या राष्ट्राचे ते परराष्ट्रधोरणच होते. कोणत्या जखमींकडे जावयाचे, हे अशा रीतीने राजकारणाने आधीच ठरविले होते. कोटणीसांनी तो पक्ष जाणून पत्करला. कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीत ते राबले, १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले व १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही. त्यांना केवळ करुणामूर्ती ठरविणे म्हणजे त्यांची निवडच नाकारणे होय. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, उत्तर चीनमध्ये त्यांचे निधन झाले.