किहीमची सुगरण आणि डॉ. सालीम अली

अंगणातील पक्षी पाहणे हा रिकामपणचा उद्योग आहे, असे आपल्याकडे पुष्कळ पालकांना वाटते. १९३० साली सालीम अलींच्या आप्तेष्टांनाही तसे वाटले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. तेहतीस वर्षांचा विवाहित पुरुष, विद्यापीठाची पदवी नाही, आणि हातची नोकरी गेलेली!

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सालीम अली लहानपणीच पोरके झाले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी मामांच्या चिठ्ठीसह तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेला. ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यापुढचा काळ मात्र फारसा कोणी सांगत नाही.

कॉलेज अर्धवट सुटले. ब्रह्मदेशातील धंदाही साधला नाही. पुढे मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. तेथून ते बर्लिनला प्रा. स्ट्रेझमान यांच्याकडे शिकण्यास गेले आणि १९३० मध्ये परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. तेव्हा पत्नी बेगम तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीम येथे राहावयास गेले.

पावसाळ्यात घराजवळच सुगरणींची वसाहत भरली. सालीम अलींनी आडोसा उभारला आणि त्यात लपून ते रोज पाहू लागले. कोणता नर कोणत्या घरट्यावर, मादी केव्हा आली, हे सारे वहीत टिपून ठेवीत.

आपल्या भाषेने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले, बहिणाबाईंनीही खोप्याचे श्रेय सुगरणीलाच दिले. पण विणकर आहे नर! गवताच्या हिरव्या पट्ट्या आणून तो घरटे अर्धे, टोपाच्या आकाराचे होईपर्यंत विणतो. मग माद्या येऊन घरटे पारखतात. पसंत पडले की मादी तेथे राहते, नर नळीसह काम पुरे करतो आणि लगेच शेजारी दुसरे घरटे सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहतो! अंडी उबविण्याचे काम एकट्या मादीचे. अर्धवट घरटे म्हणजे नराचा झोका, अशी जुनी समजूत होती. ते खरे तर मादीच्या पसंतीला न उतरलेले घर असते.

१९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापला गेला आणि पक्षिशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक आले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. महायुद्धात सिंगापूरहून भारतात आलेले लोक वान थो हे त्यांचे स्नेही झाले. दोघे मिळून हिंडत. पक्ष्यांची उत्तम छायाचित्रे काढणे हा लोक यांचा ध्यास. छायाचित्रकारालाही तसाच आडोसा आणि तसाच धीर लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता मोबाईलमध्येच कॅमेरा असतो. पावसाळ्यात विहिरीवरच्या झाडाला खोपे दिसले, तर दुरूनच फोटो घ्यावा, फांदी वाकवू नये, आणि तारीख, वेळ लिहून ठेवावी. हिरवे घरटे ताजे असते, तपकिरी जुने. अर्धे असेल, तर काही दिवसांनी पुन्हा जाऊन पाहावे, मादीने ते पसंत केले की नाही.